घटस्फोटाची केस सुरू आहे? पोस्टच्या आधी फोनमधली उघडी दारं तपासा

घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला की बहुतेक जण एक गोष्ट लगेच ठरवतात: आता फेसबुक-इन्स्टाग्रामवर काही टाकायचं नाही. निर्णय योग्य आहे, पण अपुरा आहे. जोडीदाराला बरीचशी माहिती पोस्टमधून मिळतच नाही. संसारात सोयीसाठी जोडून ठेवलेल्या गोष्टींमधून ती आपोआप मिळत राहते. नवऱ्याच्या नावावरचं सिम, दोघांनी वापरलेला लॅपटॉप, मुलाच्या टॅबवर लॉगइन असलेलं आईचं गुगल खातं, गाडीचा फास्टॅग. संसार सुरळीत असताना या सोयींकडे कुणाचं लक्षही जात नाही. केस सुरू झाल्यावर मात्र वकिलाला पाठवलेला मेलसुद्धा त्यातून समोरच्यापर्यंत पोहोचू शकतो.

आणि एकदा माहिती पोहोचली की 'ती चोरून मिळवली आहे' एवढं म्हणून कोर्टात सुटका होत नाही.

सुप्रीम कोर्टाने काय म्हटलं?

पंजाबमधल्या भटिंड्याच्या कुटुंब न्यायालयात एका पतीने घटस्फोटाच्या अर्जासोबत पत्नीशी झालेल्या फोन संभाषणांची रेकॉर्डिंग दिली. तिला न सांगता ती केलेली होती. कुटुंब न्यायालयाने ती घ्यायला परवानगी दिली, २०२१ मध्ये हायकोर्टाने हा पत्नीच्या खासगीपणाचा भंग असल्याचं सांगून परवानगी रद्द केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १४ जुलै २०२५ रोजी न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. सतीश चंद्र शर्मा यांच्या खंडपीठाने हायकोर्टाचा आदेश फिरवला. नवरा-बायकोतल्या बोलण्याला पुरावा कायद्यात संरक्षण आहे, पण त्या दोघांमध्येच खटला सुरू असेल तर ते लागू होत नाही, असं कोर्टाने स्पष्ट केलं. पती-पत्नी एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील, तर नातं आधीच तुटल्याचं ते लक्षण आहे, असाही या निकालाचा सूर आहे.

पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो प्रकरणाशी संबंधित आहे का, हे पाहण्याची आपल्या कोर्टांची पद्धत जुनीच आहे. मुंबईच्या तत्कालीन कॉरोनरवरच्या लाचेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये टेप केलेलं फोन संभाषण ग्राह्य धरलं होतं. त्यात कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ मधलं कलम १४ या न्यायालयांना आणखी मोकळीक देतं. वाद सोडवायला मदत होईल असं वाटलं, तर एरवी पुरावा कायद्यात न बसणारी गोष्टही ती पाहू शकतात.

पुरावा घेतला म्हणजे तो खरा मानला, असं मात्र नाही. आवाज कुणाचा, चॅट अर्धवट कापलंय का, फोटो कधीचा, यावर उलटतपासणी होतेच.

व्यवहारात याचा अर्थ इतकाच की, जोडीदाराला पाठवलेला प्रत्येक व्हॉइस मेसेज न्यायाधीशांसमोर वाजू शकतो, हे धरून चालावं. रात्री साडेबारा वाजता रागात पाठवलेला तर नक्कीच.

सिम कुणाच्या नावावर आहे?

पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. अनेक घरांत बायकोचा नंबर नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असतो, कधी फॅमिली पोस्टपेड प्लॅनमध्ये असतो. सिम ज्याच्या नावावर, तो ते हरवल्याचं सांगून नवीन सिम घेऊ शकतो. मग बँकेचा, व्हॉट्सॲपचा, जीमेलचा ओटीपी त्याच्या हातात. त्यामुळे स्वतःच्या कागदपत्रांवर नवीन नंबर घ्यावा आणि बँक, आधार, ईमेल यांना तो जोडून घ्यावा. जुना नंबर स्वतःकडे हवा असेल तर नावबदलाची प्रक्रिया कंपनीच्या दुकानात होते, पण त्यासाठी सध्याच्या मालकाची संमती लागते. संबंध फार बिघडण्याआधी ती मिळवणं सोपं.

त्यानंतर ईमेल. इतर जवळपास सगळ्या खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात, म्हणून सुरुवात तिथून करायची. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. रिकव्हरीसाठी दिलेला नंबर आणि दुसरा ईमेल कुणाचा आहे ते पाहावं. अनेकदा तो जोडीदाराचाच निघतो, कारण खातं त्यानेच उघडून दिलेलं असतं. गुगल खात्याच्या सिक्युरिटी विभागात कोणकोणत्या उपकरणांवर लॉगइन आहे याची यादी असते. तिथून घरातला जुना लॅपटॉप, टीव्ही, टॅब काढून टाकावेत.

व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून पाहावं. कधीतरी ऑफिसचं काम म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर उघडलेलं व्हॉट्सॲप वेब तिथे अजून चालू असू शकतं. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावावा, म्हणजे नुसत्या ओटीपीवर कुणी दुसऱ्या फोनवर खातं सुरू करू शकणार नाही. लग्नाची तारीख किंवा मुलाचा वाढदिवस हा पिन ठेवण्यात काही अर्थ नाही.

काही दारं पटकन सुचत नाहीत. गुगल फोटोजमध्ये 'पार्टनर शेअरिंग' चालू असेल तर वकिलाने दिलेल्या कागदांचा फोटोही आपोआप पलीकडे जाऊ शकतो. गुगल मॅप्सवरचं लोकेशन शेअरिंग कधीतरी प्रवासात चालू केलेलं असतं आणि तसंच राहतं. आयफोन वापरणाऱ्यांनी फॅमिली शेअरिंग आणि फाइंड माय पाहावं. फास्टॅग जोडीदाराच्या नंबरला जोडलेला असेल तर गाडीने खालापूरचा टोल ओलांडला की मेसेज त्याला जातो. घरपोच जेवण मागवण्याचं ॲप एकच असेल तर नव्या भाड्याच्या घराचा पत्ता त्यात सेव्ह होतो.

एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. जोडीदार हिंसक असेल, तर लोकेशन किंवा पासवर्ड अचानक बंद केल्याने तो सावध होऊ शकतो. अशा वेळी आधी दुसऱ्या, सुरक्षित फोनवरून वकील, संरक्षण अधिकारी किंवा विश्वासातल्या माणसाशी बोलून, राहण्याची सोय करून मगच ही दारं लावावीत. महिलांना कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली संरक्षण आदेश मागता येतो. फोन, मेसेज किंवा इतर इलेक्ट्रॉनिक मार्गाने संपर्क करायलाही त्यात मनाई करता येते.

डिलीट करण्याची घाई महागात पडते

घाबरून जुनी चॅट आणि फोटो पुसून टाकणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक असावी. समोरच्याकडे स्क्रीनशॉट असतोच. मग त्यांच्याकडे अर्धं संभाषण उरतं आणि आपल्याकडे काहीच नाही. शिवाय कोर्टात पुरावा म्हणून येऊ शकणारी इलेक्ट्रॉनिक नोंद, ती येऊ नये म्हणून नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे.

पोस्ट लपवणं वेगळं. फेसबुकवर जुन्या सार्वजनिक पोस्ट एकदम फक्त मित्रांपुरत्या करता येतात, इन्स्टाग्रामवर अर्काइव्ह करता येतात. टॅग आधी मंजूर करण्याची सोय चालू करावी. जोडीदारासोबतच्या चॅटमध्ये डिसअपिअरिंग मेसेज चालू असेल तर तो बंद करावा.

स्वतःच्या बाजूचा पुरावा जपायचा तर मूळ फोनच जपावा. तो फॉरमॅट करू नये, एक्सचेंज ऑफरमध्ये देऊ नये. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. असं प्रमाणपत्र सक्तीचं आहे हे सुप्रीम कोर्टाने ठासून सांगितलं ते जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरच्या, खोतकर-गोरंट्याल वादात. तारीख होती १४ जुलै २०२०, म्हणजे रेकॉर्डिंगच्या निकालाच्या बरोबर पाच वर्षं आधी. मूळ फोनच कोर्टात हजर केला तर गोष्ट सोपी होते, हेही त्याच निकालात आहे.

मग आपणही त्यांचा फोन पाहावा का?

नाही. सुप्रीम कोर्टाचा निकाल पुरावा ग्राह्य धरण्याबद्दल आहे, हेरगिरीचा परवाना नव्हे. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. परवानगीशिवाय फोनमध्ये पाळत ठेवणारं ॲप टाकणंही याच कायद्याच्या कक्षेत येतं. लग्न झालंय म्हणून यातून सूट मिळत नाही. कोर्टात पुरावा कामी येईल आणि पोलीस ठाण्यात गुन्हाही दाखल होईल, असं दोन्ही एकाच वेळी घडू शकतं.

पोटगी आणि मालदीवचे फोटो

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालेल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी देशभरासाठी नियम घालून दिला: पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. त्यानंतर सोशल मीडियाला वेगळंच महत्त्व आलं. प्रतिज्ञापत्रात 'उत्पन्न नाही' आणि लिंक्डइनवर नवी नोकरी, किंवा 'व्यवसाय तोट्यात' आणि रीलमध्ये नवी गाडी, हे वकिलाला हवंच असतं. गाडी मित्राची असू शकते, सहल ऑफिसची असू शकते. पण ते सिद्ध करत बसावं लागतं.

जोडीदाराची बदनामी करणारी पोस्ट हा त्याहून मोठा धोका. दोघं एका छताखाली राहत नसले तरी खोटे, बदनामीकारक आरोप करणं मानसिक क्रूरता ठरू शकते, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये म्हटलं आहे. सोसायटीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप किंवा नातेवाइकांचा ग्रुप खासगी समजला जातो, पण नणंदेपर्यंत किंवा मेहुण्यापर्यंत स्क्रीनशॉट जायला एक मावसबहीण पुरते.

फारशी माहीत नसलेली आणखी एक तरतूद: हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार अशा खटल्यांचं कामकाज बंद दाराआड चालतं आणि त्यासंबंधी मजकूर छापायला, प्रसिद्ध करायला बंदी आहे. हायकोर्ट-सुप्रीम कोर्टाचे निकालही कोर्टाच्या परवानगीनेच प्रसिद्ध करता येतात. दंड आहे फक्त एक हजार रुपयांपर्यंत, त्यामुळे याची भीती कुणाला वाटत नाही. तरीही अर्जाची पानं किंवा समुपदेशकासमोर झालेलं बोलणं स्टेटसला लावणाऱ्याबद्दल न्यायाधीशांचं मत चांगलं होण्याची शक्यता कमीच.

खासगी फोटोंची धमकी आली तर

पैसे देऊ नयेत, धमकीचा मेसेज पुसू नये. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. खासगी फोटो कुठे टाकला गेलाच, तर तक्रार मिळाल्यापासून दोन तासांत तो हटवण्यासाठी पावलं उचलणं २०२१ च्या आयटी नियमांनुसार प्लॅटफॉर्मवर बंधनकारक आहे. 'स्टॉप एनसीआयआय' या मोफत सुविधेत फोटो अपलोड न करता त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी प्लॅटफॉर्मवर तो फोटो रोखायला मदत होते.

मुलांचं काय?

ताब्याच्या वादात कोर्ट मुलाचं हित सर्वांत वर ठेवतं. भेटीच्या दिवशी रडणाऱ्या मुलाचा व्हिडिओ सहानुभूतीसाठी टाकणाऱ्या पालकाला तोच व्हिडिओ अडचणीत आणू शकतो. मुलाच्या फोनवरून 'बाबा कुठे गेले होते' हे काढून घेणंही तसंच. शाळेच्या ग्रुपमध्ये दोघांनीही राहावं, पण तिथे फक्त शाळेबद्दल बोलावं. फी, औषधं, भेटीच्या वेळा यासाठी वेगळा ईमेल ठेवणं सोयीचं पडतं, कारण तिथे चार ओळी लिहिताना माणूस व्हॉट्सॲपपेक्षा थोडा जास्त थांबतो. मुलाचा टॅब दोन्ही घरांत फिरणार असेल तर त्यावर मुलाचं स्वतंत्र खातं असावं. आईचं किंवा बाबांचं खातं त्यात चालू राहिलं, तर टॅबबरोबर ते दर शनिवारी दुसऱ्या घरी जातं.