मेरीची साडी

बंगळूरात बदलून आलेल्या मराठी माणसाला शिवाजीनगर हे नाव कानी पडताच थोडे घरच्यासारखे वाटते. शहाजीराजांच्या जहागिरीत हे शहर होते, याचेही स्मरण होते. प्रत्यक्षात तेथे पोचल्यावर दिसतो तो रसेल मार्केटसमोरील सेंट मेरी बॅसिलिकेचा उंच गॉथिक मनोरा. 1882 साली पूर्ण झालेल्या या मंदिरात बाळ येशूला कडेवर घेतलेली मेरी उभी आहे, आणि ती साडी नेसलेली आहे. 8 सप्टेंबरच्या उत्सवापूर्वी नऊ दिवस येथे यात्रा भरते. भाविक भगवी वस्त्रे परिधान करून येतात आणि अखेरीस मेरीचा रथ निघतो.

हे पाहून माझ्याबरोबरचे एक वडीलधारे सहकारी म्हणाले, “साडी आमची, भगवे आमचे, रथ आमचा. मग यांचे स्वतःचे काय?” बोलण्यात द्वेष नव्हता, पण टोचणी होती. एका समाजाने दुसऱ्याचा वेश, विधी वा चिन्हे उचलावीत काय, हा वाद आज जगभर चालू आहे. आपल्याकडे तो चारशे वर्षांचा जुना आहे.

रॉबर्ट द नोबिली हा इटालियन जेझुइट 1606 साली मदुरेस आला आणि संन्याशाच्या वेशात राहू लागला. त्याच्यावर स्वकीयांनीच तक्रार केली. प्रकरण रोमला गेले. जानवे व शेंडी ही धर्मचिन्हे की केवळ कुलाचार, यावर वर्षानुवर्षे खल झाला. 1623 मध्ये पोपने मोकळीक दिली. 1744 मध्ये दुसऱ्या पोपने अशा बहुतेक चालींवर निर्बंध घातले. ब्राह्मणांच्या साक्षी या वादात घेतल्या गेल्या होत्या, पण त्या जानव्याचा अर्थ सांगण्यापुरत्या. ते परक्याने घालावे की नाही, याचा निकाल देणारे सर्वजण रोममध्ये बसले होते.

खुद्द या वस्तीशी, म्हणजे पूर्वीच्या ब्लॅकपल्लीशी, ज्याचे नाव जोडले जाते तो आबे द्युब्वा याच परंपरेतला. तो 1792 साली हिंदुस्थानात आला, आणि श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर म्हैसूर मुलखात देशी वेशात व देशी रीतीने राहिला. लोक त्याला ‘दोड्डस्वामी’ म्हणत. देवी काढण्याचा प्रसार त्याने तळमळीने केला, हे त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. हिंदूंच्या चालीरीतींवरील त्याचे हस्तलिखित कंपनी सरकारने 1807 मध्ये दोन हजार होनांना विकत घेतले. पुढे फ्रेंच विदुषी सिल्व्हिया म्यूर यांनी 1987 मध्ये दाखवून दिले की, त्यातील बराचसा भाग केर्दू नावाच्या एका पूर्वीच्या जेझुइटाच्या लिखाणावरून घेतलेला होता! वेश आमचा आणि ग्रंथ केर्दूचा. 1823 मध्ये हिंदू ख्रिस्ती होणे शक्य नाही असा निर्वाळा देऊन हे गृहस्थ फ्रान्सला परतले. धोतर-अंगरखा त्यांना उतरवून ठेवता आला.

गोव्याचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे, आणि अधिक अवघडही. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 साली रायतूरला छापले गेले. इंग्रजाने आमची ओवी उचलली याला कोणी मराठी माणूस चोरी म्हणत नाही; उलट आपण ते कौतुकाने सांगतो. परंतु त्याच साष्टीत 1567 मध्ये देवळे पाडली गेली होती आणि बाटलेल्यांना त्यांची जुनी पुराणे वर्ज्य केली होती. त्यांच्या जागी दुसरे काही द्या, ही मागणी त्या काव्यातच नव्या ख्रिस्ती श्रोत्याच्या तोंडी येते. स्टीफन्सचे मराठीवरील प्रेम खरे होते, याविषयी मला शंका नाही. पण ज्याचे घर काढून घेतले, त्याला त्याच्याच विटांनी बांधून दिलेली ही खोली आहे, हेही खरे. पुढे 1684 मध्ये देशी भाषेवर बंदीचे फर्मान निघाले, आणि 1736 मध्ये इन्क्विझिशनने गोव्यातील ख्रिस्त्यांना धोतर, चोळी, दारची तुळस, इतकेच काय, बिनमिठाचा भातही वर्ज्य केला. परदेशी पाद्र्यांना हिंदू वेश घालू द्यावा की नाही याची रोममध्ये चर्चा चालू असताना येथील बायकांच्या अंगावरची चोळी मात्र गुन्हा ठरली होती.

म्हणून सहकाऱ्यांच्या प्रश्नातील ‘यांचे’ हा शब्दच मला चुकीचा वाटतो. ब्लॅकपल्लीचे जुने ख्रिस्ती जिंजीच्या बाजूने आलेले तमिळ लोक. त्यांच्या आज्या-पणज्या साडीच नेसत होत्या. आपली आई जे नेसते ते त्यांनी मेरीला नेसवले. त्यासाठी कोणाच्या पेटीत हात घालण्याचे त्यांना कारण नव्हते. द्युब्वाला विचारण्याचा प्रश्न त्यांना विचारता येत नाही.

2025 च्या सप्टेंबरात येथील नव्या मेट्रो स्थानकाला सेंट मेरींचे नाव देण्यास मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी अनुकूलता दर्शविली आणि महाराष्ट्रातून तीव्र निषेध झाला. आमच्या कचेरीतही चहाच्या वेळी बरीच गरमागरमी झाली. महाराजांचे नाव राहावे, असे मलाही वाटते. मात्र ते नाव ठेवताना ब्लॅकपल्लीच्या लोकांना कोणी विचारले होते काय, हे त्या दिवशी आमच्यापैकी एकानेही काढले नाही, मीही नाही.