हस्तक्षेपी क्ष-किरण वैद्यक

क्ष-किरण, श्राव्यातीत ध्वनी, संगणकीय छेदचित्रण (सीटी स्कॅन) इत्यादींच्या साहाय्याने शरीराचा आतील भाग पाहत, त्वचेतील बारीक छिद्रातून नळी, तार वा अन्य उपकरण आत नेऊन रोगावर उपचार करणाऱ्या वैद्यकाच्या शाखेस ‘हस्तक्षेपी क्ष-किरण वैद्यक’ असे म्हणतात. ‘इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी’ ही तिची मूळ संज्ञा अलेक्झांडर मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये सुचविली. क्ष-किरण तज्ञाने निदान करावे आणि शस्त्रक्रिया तज्ञाने उपचार करावा, अशी विभागणी तोपर्यंत रूढ होती. ती कशी मोडली आणि त्यामुळे रोग्याचा लाभ केव्हा झाला व केव्हा झाला नाही, हा या शाखेच्या इतिहासातील महत्त्वाचा भाग होय.

पूर्वपीठिका : व्हिल्हेल्म कोनराट राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध ८ नोव्हेंबर १८९५ रोजी लावला. या किरणांनी हाडे स्पष्ट दिसत. परंतु रक्त व सभोवतालची मऊ ऊतके त्यांना जवळजवळ सारखीच पार्य असल्यामुळे रक्तवाहिन्या वेगळ्या दिसत नसत. त्या दिसाव्यात म्हणून त्यांत क्ष-किरणांना अपार्य असा पदार्थ भरावा लागतो. जानेवारी १८९६ मध्येच हाशेक व लिंडेन्टाल यांनी व्हिएन्ना येथे शरीरापासून विलग केलेल्या हाताच्या रक्तवाहिन्यांत असे मिश्रण भरून त्यांचे चित्र घेतले. जिवंत माणसाला सोसेल असा पदार्थ मिळण्यास मात्र बराच काळ जावा लागला. पोर्तुगीज तंत्रिकातज्ञ एगास मोनीझ यांनी १९२७ मध्ये सोडियम आयोडाइड वापरून मेंदूच्या रोहिण्यांचे चित्रण साध्य केले.

त्यानंतर थोरियम डाय-ऑक्साइडयुक्त ‘थोरोट्रास्ट’ हा पदार्थ प्रचारात आला. त्याने चित्रे उत्तम येत आणि तत्काळ त्रासही होत नसे. परंतु तो शरीराबाहेर टाकला जात नाही; यकृत व प्लीहा यांत साठून राहतो व त्यातून आल्फा कणांचे उत्सर्जन होत राहते. परिणामी अनेक रोग्यांना काही दशकांनंतर यकृताचा कर्करोग झाला. चित्र चांगले येणे म्हणजे रोग्याचे हित साधणे नव्हे, हा धडा या शाखेला तिच्या बाल्यावस्थेतच मिळाला. पुढे मूत्रावाटे निघून जाणारी आयोडीनची कार्बनी संयुगे वापरात आल्यावर रक्तवाहिन्यांचे चित्रण पुष्कळच सुरक्षित झाले.

नळीचा प्रवेश : जर्मनीतील एबर्सव्हाल्डे येथे १९२९ मध्ये व्हेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरांनी स्वतःच्या दंडाच्या नीलेतून मूत्रमार्गासाठी वापरण्यात येणारी नळी हृदयापर्यंत सरकविली आणि क्ष-किरण विभागात चालत जाऊन तिचे चित्र घेतले. या कार्याबद्दल त्यांना १९५६ चे नोबेल पारितोषिक आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्‌स यांच्यासमवेत मिळाले. तथापि रोहिणीत नळी घालण्याचा सोपा मार्ग १९५३ मध्ये स्टॉकहोम येथील स्व्हेन इव्हार सेल्डिंगर यांनी दाखविला. सुईने रोहिणी टोचावयाची, सुईतून लवचिक तार आत सारावयाची, सुई काढून घ्यावयाची आणि तारेवरून नळी आत न्यावयाची, अशी ही कृती आहे. रोहिणी कापून उघडण्याची गरज तिच्यामुळे उरली नाही. या शाखेतील बहुतेक उपचारांचा आरंभ आजही याच कृतीने होतो.

निदानाकडून उपचाराकडे : नळीने रोग दाखविता येतो, तर दूरही करता येईल, हा विचार अमेरिकेतील पोर्टलंड येथील चार्ल्स डॉटर यांनी कृतीत उतरविला. एका ८२ वर्षांच्या स्त्रीच्या पायातील रोहिणी आकुंचित होऊन बोटांना कोथ झाला होता. पाय कापण्यास तिने नकार दिला. डॉटर यांनी १६ जानेवारी १९६४ रोजी रोहिणीतून तार पलीकडे नेली व तिच्यावरून क्रमाने अधिक जाडीच्या नळ्या सरकवून अरुंद भाग रुंद केला. रक्तप्रवाह पूर्ववत होऊन पाय वाचला. अमेरिकेत या पद्धतीकडे प्रारंभी फारसे लक्ष दिले गेले नाही. यूरोपात मात्र तिचा स्वीकार झाला. तीत सुधारणा करून आंड्रेआस ग्रुएन्टसिग यांनी नळीच्या टोकाशी फुगविता येणारा लहान फुगा बसविला आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे ३८ वर्षांच्या रोग्याची हृद्‌रोहिणी छाती न उघडता रुंद केली. रुंद केलेली रोहिणी पुन्हा आकुंचित होऊ नये म्हणून धातूची जाळीदार नलिका (स्टेंट) बसविण्याची प्रथा १९८६ नंतर हृद्‌रोहिण्यांच्या बाबतीतही सुरू झाली.

दरम्यान गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी विकसित केलेल्या संगणकीय छेदचित्रणाचा रोग्यावरील पहिला प्रयोग १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये झाला होता. मेंदूत रक्तस्राव झाला आहे किंवा नाही, हे त्यामुळे काही मिनिटांत कळू लागले.

मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरील उपचार : मेंदूतील रोहिणीला फुगवटा येऊन तो फुटल्यास पूर्वी कवटी उघडून त्याच्या मुखाशी चिमटा बसवीत. ग्वीदो गुल्येल्मी यांनी १९९० च्या सुमारास नळीतून फुगवट्यात प्लॅटिनमचे वेटोळे सोडून तो भरून टाकण्याची पद्धत तयार केली. या दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २,१४३ रोगी घेण्यात आले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार एका वर्षानंतर परावलंबी झालेल्या वा मृत्यू पावलेल्या रोग्यांचे प्रमाण वेटोळ्याच्या गटात २३·७ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात ३०·६ टक्के होते.

रोहिणी गुठळीने बंद पडून होणाऱ्या पक्षाघाताची समस्या याहून बिकट होती. मेंदूतील मोठी रोहिणी बंद पडली असता दर मिनिटाला सरासरी १९ लाख तंत्रिका कोशिका नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये करण्यात आला. गुठळी विरघळविणारे औषध शिरेवाटे देण्याची उपयुक्तता १९९५ मध्ये सिद्ध झाली होती. परंतु मोठ्या रोहिणीतील लांब गुठळी त्याने बहुधा विरघळत नाही. म्हणून ती नळीने ओढून काढण्याचे प्रयत्न सुरू झाले. मात्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन चाचण्यांत या उपचाराचा लाभ दिसून आला नाही व ही पद्धत सोडून द्यावी लागते की काय, अशी शंका निर्माण झाली.

या अपयशाची कारणे तपासता असे आढळले की, अनेक रोग्यांत मोठी रोहिणी बंद असल्याची चित्रणाने खात्री करून घेतलेली नव्हती, उपचारास विलंब झाला होता आणि उपकरणेही जुनी होती. नेदर्लंड्समधील १६ रुग्णालयांत ५०० रोग्यांवर केलेल्या चाचणीत बंद रोहिणीची प्रथम चित्राने खात्री करून, सहा तासांच्या आत, बहुतांशी जाळीदार उपकरणाने गुठळी काढण्यात आली. नव्वद दिवसांनंतर स्वावलंबी असलेल्यांचे प्रमाण उपचारित गटात ३२·६ टक्के व दुसऱ्या गटात १९·१ टक्के होते. २०१५ मध्ये अशा पाच चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांतील १,२८७ रोग्यांच्या एकत्रित विश्लेषणावरून, दर पाच उपचारित रोग्यांमागे सुमारे दोघांचे अपंगत्व निदान एका श्रेणीने कमी होते, असे दिसले.

मेंदूचा मृत झालेला गाभा आणि त्याभोवतीचा, रक्त कमी मिळूनही अद्याप जिवंत असलेला भाग छेदचित्रणाने किंवा चुंबकीय अनुस्पंदन चित्रणाने वेगळे ओळखता येतात. वाचविण्याजोगा भाग शिल्लक असलेल्या निवडक रोग्यांत सहा तासांनंतरही, चोवीस तासांपर्यंत, उपचाराचा लाभ होतो, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांनी दाखविले. त्यांपैकी एकीत स्वावलंबी रोग्यांचे प्रमाण ४९ टक्के, तर केवळ नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात १३ टक्के होते. घड्याळाच्या जोडीला मेंदूचे चित्रही निर्णयाचा आधार झाले.

मर्यादा : यशस्वी ठरलेली कृती सर्वत्र लागू पडतेच असे नाही. मेंदूच्या मध्यम व लहान रोहिण्यांतील गुठळ्या काढण्याचा लाभ २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत आढळला नाही. खचलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याचा उपचार मोठ्या प्रमाणावर रूढ झाल्यावर, तो आभासी क्रियेपेक्षा अधिक वेदनाशामक नसल्याचे २००९ मधील दोन चाचण्यांत दिसून आले होते. याशिवाय रोहिणीला इजा, रक्तस्राव, वृक्कांवर अपार्य द्रव्याचा दुष्परिणाम तसेच रोगी व वैद्य या दोघांनाही होणारा प्रारणाचा उपसर्ग हे धोके आहेतच.

सर्वांत मोठी अडचण मात्र रुग्णालयाबाहेरची आहे. चेहरा एका बाजूस वाकडा होणे, हात उचलता न येणे किंवा बोलणे अडखळणे ही लक्षणे अचानक दिसताच रोग्यास छेदचित्रणाची व गुठळी काढण्याची सोय अहोरात्र असलेल्या रुग्णालयात पोहोचविणे आवश्यक असते. उपचाराची मुदत काही रोग्यांत चोवीस तासांपर्यंत वाढली असली, तरी घरी थांबून वाट पाहण्यास तिने मुभा दिलेली नाही. मोठी रोहिणी बंद पडलेल्या रोग्यात विलंब वाढेल तसा वाचविता येण्याजोगा मेंदूचा भाग कमी होत जातो.