फॉक्सहाउंड आणि एक सांथ



कोल्ह्याच्या मागावर वायुवेगानें धांवणारा इंग्लंडांतील फॉक्सहाउंड आपण चित्रांत पाहिला असेल. रुंद छाती, कणखर पाय, तीव्र घ्राणशक्ति! परंतु डिस्टेंपर नांवाच्या सांथीपुढें या बलदंड प्राण्याचें कांहीं चालत नसे. प्रथम ताप येई, नाकाडोळ्यांतून स्राव वाही, खोकला व अतिसार जडे. आणि पिलूं वांचलें असें वाटत असतांच झटके येऊन तें दगावे.

या जातीची पिलें कांहीं महिने शेतकऱ्यांच्या घरीं वाढवीत व मग तांड्यांत परत आणीत. शेंकडों ठिकाणची हवा खाल्लेलीं पिलें एका छपराखालीं आलीं, कीं एकाचा रोग सर्वांस लागे.

देवीच्या लसीचा जनक एडवर्ड जेन्नर यानें बर्कलीच्या अर्लच्या फॉक्सहाउंडांत ही सांथ न्याहाळली आणि १८०९ सालीं तिजवर निबंध लिहिला. रोग सांसर्गिक आहे आणि एकदां होऊन गेलेल्या कुत्र्यास तो बहुधा पुन्हां होत नाहीं, हें त्यानें ओळखलें. पुढें १९०५ सालीं फ्रान्समध्यें आंरी कारे यानें रोगाचें बीज सूक्ष्म गाळणींतूनहि पार होतें असें दाखविलें. परंतु कित्येकांस तें पटेना.

१९२३ सालीं 'द फील्ड' या शिकारविषयक साप्ताहिकानें वर्गणी गोळा केली. लंडननजीक मिल हिल येथें लेडलॉ व डंकिन यांनीं काम आरंभिलें. अडचण अशी, कीं बाहेरून आणलेल्या कुत्र्यास रोग पूर्वीं होऊन गेला आहे कीं काय, हें कळत नसे. म्हणून त्यांनीं कुत्रीं बंदिस्त जागेंत वाढविलीं, आणि मुंगसासारखा दिसणारा फेरेट हा प्राणी या रोगास सहज बळी पडतो असें आढळल्यावर त्याजवरहि प्रयोग केले. प्रथम मारलेल्या विषाणूंची लस व मागून जिवंत विषाणु, असा उपाय १९२८ च्या सुमारास सिद्ध झाला.

कथा येथेंच संपत नाहीं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानें मुंबईंत घरेंच्या घरें ओस पाडलीं, तेव्हां त्याचें खरें कारण कोणासहि ठाऊक नव्हतें. १९३३ सालीं स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ यांनीं रुग्णांच्या घशांतील धुवण गाळून फेरेटांच्या नाकांत घातलें. फेरेट शिंकूं लागले, आणि मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणु हातीं लागला!

डिस्टेंपर आजहि आपल्या गल्लींतील पिलांचे प्राण घेतो. त्याची लस मात्र आतां सहज मिळते. घरीं पिलूं आणाल, तर तेवढी टोंचून घेण्यास विसरूं नका.