चौक आधी, खोल्या मागाहून

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या माणसाच्या मनात एक घर सदैव बांधले जात असते. सरकारी वसाहतीतील दोन खोल्यांत संसार चालू असतो, दर चार-पाच वर्षांनी पेट्या बांधल्या जातात. आणि पुणे, नाशिक किंवा सातारा येथे घेऊन ठेवलेल्या एखाद्या चिंचोळ्या तुकड्यावर ते मनातले घर उभे राहते. जयपूर येथील आमच्या कचेरीत एक वडीलधारे सहकारी आहेत. निवृत्तीला दीड वर्ष उरले असताना त्यांनी एके दिवशी दुपारच्या सुट्टीत आखीव कागदावर काढलेला आपल्या घराचा नकाशा आम्हांपुढे ठेवला. जागा तीस फूट रुंद व पन्नास फूट खोल. मुलासाठी खोली, सुनेसाठी खोली, लेक माहेरी येईल तिच्यासाठी खोली, देवघर, कोठीघर. कोणीही विसरले गेले नव्हते. फक्त उजेड कोठून यावयाचा, हे नकाशात कोठे दिसत नव्हते. हा लेख त्या नकाशामुळे सुचला. कारण लहान जागेत नांदते घर कसे बसवावे, या प्रश्नाचे एक जुने उत्तर आमच्या कचेरीपासून थोड्याच अंतरावर, जयपूरच्या तटाच्या आत, जवळजवळ तीनशे वर्षे उभे आहे.

18 नोव्हेंबर 1727 रोजी सवाई जयसिंहांनी या नगराचा पाया घातला. आठच वर्षांनी, 1735 साली, थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या तीर्थयात्रेस निघाल्या असता जयपुरास आल्या आणि जयसिंहांनी त्यांचा मोठा सत्कार केला. त्याच सुमारास पुण्यात शनिवारवाडा उभा राहून तीन वर्षे झाली होती. म्हणजे ज्या घरातील कर्त्या बाईच्या डोळ्यांसमोर एक गाव पेठापेठांनी वाढत होते, तिने एक अख्खे नगर दोरी लावून उभे राहताना पाहिले. तिला काय वाटले असेल याची कल्पना ज्याने त्याने करावी. पण मराठी माणूस जयपुरात 1751 च्या जानेवारीत केवळ कापला गेला एवढेच स्मरणात ठेवणाऱ्यांनी ही पहिली भेटही स्मरणात ठेवावी.

या नगराच्या आखणीत ज्याचे नाव प्रथम घेतले जाते तो विद्याधर भट्टाचार्य मूळचा बंगाली, आणि आंबेर दरबारच्या हिशेबखात्यातील माणूस. आपल्यापैकी अनेकांना ही गोष्ट सुखावेल. आकड्यांच्या रकान्यांत दिवस घालविणाऱ्याने नगराचेही रकाने पाडले. साधारण अर्धा मैल बाजूच्या चौकड्या, त्यांच्यामधून जाणारे सुमारे 110 फुटी राजरस्ते, त्यांच्या निम्म्या रुंदीचे दुय्यम रस्ते, त्यांच्या निम्म्या रुंदीच्या गल्ल्या आणि शेवटी साडेतेरा फुटांची बोळ. वायव्येस नाहरगडाचा डोंगर आडवा आला, तेव्हा नऊ घरांच्या आकृतीतील एक घर आग्नेयेस ढकलले गेले. आखीव नगरालाही जमिनीशी तडजोड करावी लागली, तर तीस फुटांच्या जागेने करावी यात नवल ते काय!

रस्ते असे निम्मे निम्मे होत गेले की, प्रत्येक कुटुंबाच्या वाट्यास येणारी जागाही आखून दिली जाते. राजरस्त्यावरील दुकानांच्या ओळी एका धाटणीच्या. तेथे घरमालकाच्या लहरीला वाव नव्हता. येथील देवळेसुद्धा पुष्कळदा शिखर न चढविता, हवेलीचा मुखवटा धारण करून, खाली दुकाने व वर देव अशा रीतीने ओळीत उभी राहिली. 1739 साली गिरिधारी नावाच्या कवीने आपल्या ‘भोजनसार’ ग्रंथात नगर वसविण्याविषयी राजाने विद्याधरास सांगितलेली इच्छा वर्णिली आहे. तीत एक लहानशी पण फार महत्त्वाची सूचना आहे: घरांच्या पाठी एकमेकींस भिडाव्यात. या एका सूचनेचा अर्थ घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने लावून पाहावा. मागे शेजाऱ्याची भिंत, उजवीकडे शेजाऱ्याची भिंत, डावीकडे शेजाऱ्याची भिंत. समोरचे तोंड तेवढे मोकळे, पण तेही नगराच्या शिस्तीत बांधलेले. मग घराने श्वास कोठून घ्यावा?

उत्तर एकच उरते, आणि ते म्हणजे वरून. जयपूरची हवेली चारी बाजूंनी मिटलेली असते व मध्यभागी आकाशाकडे उघडलेली असते. बांधणारा प्रथम चौक आखी आणि उरलेल्या जागेत खोल्या बसवी. खोल्या बांधून उरलेली जागा म्हणजे चौक नव्हे. येथे छतासाठी दगडाच्या लांब पट्ट्या टाकीत. पट्टी जेवढी लांब मिळेल तेवढीच खोली रुंद करता येई, म्हणून खोल्या स्वभावतःच अरुंद व लांबट होत आणि चौकाच्या चारी कडांना सहज बसत. आपल्याकडील वाड्यात लाकडाच्या तुळईने हेच काम केले. दोन खांबांमधील अंतराचा तो ‘खण’. घर किती खणांचे, यावरूनच त्याची ऐपत सांगितली जाई. सामान बदलले, हवा बदलली, पण अडचण एकच आणि तोडही एकच.

चौकाचे काम नुसत्या उजेडाचे नव्हे. मे महिन्यात येथील दुपार कशी असते हे जयपुरात राहिलेल्यास सांगावयास नको. रात्री उघड्या गच्चीची व चौकाची फरशी आकाशाकडे उष्णता टाकून निवते, गार हवा जड असल्यामुळे चौकाच्या तळाशी उतरते व भोवतालच्या खोल्यांत पसरते. उन्हे वर येईपर्यंत जाड भिंती तो गारवा राखतात. चौक रुंदीच्या मानाने खोल असल्यामुळे ऊन तळाशी पोचते ते थोडाच वेळ. चौकाची फरशी ओवरीपेक्षा पायरीभर खाली असते, म्हणजे पावसाचे पाणी घरात न शिरता एका मोरीकडे जाते. चुन्याच्या गुळगुळीत गिलाव्यास येथे ‘अराईश’ म्हणतात. त्याला हात लावला तर ऐन उन्हाळ्यातही तो थंड लागतो.

यापेक्षाही शिकण्याजोगी गोष्ट आहे ती खोल्यांच्या वापराची. या घरांत खोलीला माणसाचे नाव क्वचितच असे. उन्हाळ्यात दुपार तळमजल्यावर किंवा तळघरात, संध्याकाळ चौकात, रात्र गच्चीवर. हिवाळ्यात याच्या उलट, दिवस गच्चीवर उन्हात आणि रात्र आतल्या खोलीत. कुटुंब घरातल्या घरात बदलीवर जात असे! त्यामुळे दहा माणसांना दहा खोल्या लागत नसत. दारातून आत येणारी वाट सरळ चौकात न नेता एक वळण देऊन नेत. आलेल्या पाहुण्याची पुढच्या बैठकीत सोय होई आणि आतला व्यवहार त्याच्या नजरेआड राही. एका वळणाने एक भिंत वाचे.

मराठी विद्वानांना ही घरे परकी नव्हती. जयसिंहांचे गुरू रत्नाकर पुंडरीक हे महाराष्ट्रीय. युक्लिडच्या भूमितीला ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राट हेही महाराष्ट्रीयच. तटाच्या उत्तरेस ब्रह्मपुरीत पुंडरीक घराण्याची हवेली आहे. तिच्यातील एका खोलीतील भित्तिचित्रे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. त्या बाजूस गेले म्हणजे पुण्याच्या जुन्या पेठेतील ओळखीच्या दारात उभे असल्यासारखे वाटते. तोच उंबरठा, तेच आतले अंगण, तीच देवाच्या कोनाड्याची जागा.

अर्थात, जुने ते सर्व सोने असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. या चौकाभोवती स्त्रियांचे जग झाकून ठेवलेले होते. जाळीतून रस्ता पाहणे हेच त्यांचे बाहेर जाणे. मागच्या खोल्या अंधाऱ्या व कोंदट असत, आणि स्वयंपाकाच्या धुराने कित्येक पिढ्यांचे डोळे चुरचुरले आहेत. आज कोणी तशीच्या तशी हवेली बांधील तर त्याच्या सुनेने आनंदाने त्यात राहावे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

पण ही घरे मोडली ती या दोषांमुळे नव्हे. ती मोडली वाटण्यांमुळे. भाऊ वेगळे झाले म्हणजे खोल्या वाटता येतात. जिना, दार आणि चौक वाटता येत नाहीत. तोपर्यंत सर्वांचा असलेला चौक मग कोणाचाच राहात नाही. एकजण त्यात मोरी बांधतो, दुसरा वर पत्रा टाकतो, तिसरा आपला वेगळा जिना काढतो आणि थोड्याच वर्षांत मधल्या आकाशाचा चतकोर उरतो. खालचे मजले गुदामांना गेले, राहणारी माणसे तटाबाहेरच्या वसाहतींत गेली. पुण्यात हेच झाले. गोठलेली भाडी, बिऱ्हाडांची गर्दी आणि 12 जुलै 1961 रोजी पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांवर घातलेला घाला, यांनी वाडे खिळखिळे केले. जयपूरच्या तटबंद नगराला 2019 साली जागतिक वारशाचा मान मिळाला. रस्त्यावरचा गुलाबी चेहरा त्यामुळे कदाचित टिकेल. पण चेहऱ्यामागच्या चौकाचा वारसा घरोघरीच्या भावांनीच टिकवावयाचा आहे.

आता आमच्या सहकाऱ्यांच्या नकाशाकडे वळतो. आजचे नियम मोकळी जागा घराबाहेर ठेवावयास सांगतात. आग, आरोग्य व शेजार यांचा विचार करता त्यात तथ्य आहे. समजा, तीस बाय पन्नासच्या जागेत पुढे दहा, मागे पाच आणि दोन्ही अंगांस तीन-तीन फूट सोडावयाचे आहेत. घरासाठी चोवीस बाय पस्तीस, म्हणजे 840 चौरस फूट उरतात. दोन्ही अंगांच्या बोळकंड्या मिळून 210 चौरस फूट होतात. तेवढ्याच क्षेत्रात चौदा बाय पंधराचा चौक झाला असता! बोळकंडीत फुटकी बादली व जुनी सायकल राहते. चौकात माणसे राहतात. ज्या वसाहतीत भिंतीला भिंत लावून घरे बांधण्याची मुभा आहे तेथे हा लाभ सरळ घेता येईल. जेथे नाही, तेथेही 840 पैकी आठ बाय दहाची जागा मध्यभागी आकाशाला द्यावी. एकदशांशाहून कमीच जाते. मात्र जिना व ती मोकळी जागा यांच्यावर कोणा एकाचा हक्क चढू नये, हे घर बांधतानाच कागदावर लिहून ठेवावे.

हे सर्व मी त्यांना सांगितले. त्यांनी बराच वेळ नकाशाकडे पाहिले आणि विचारले, “मग लेकीची खोली काढू म्हणता?” मला उत्तर सुचेना. लेक वर्षातून पंधरा दिवस येणार; उजेड रोज लागणार. पण बापाच्या मनात ती खोली रोजच भरलेली होती. शेवटी त्यांनीच पेन्सिल उचलली. लेकीची खोली तशीच ठेवली, कोठीघर खोडले, बैठक चार फुटांनी आखूड केली आणि मध्ये एक कोरा चौकोन काढला. त्यात काही लिहावयाचे की नाही असा थोडा विचार करून त्यांनी बारीक अक्षरांत लिहिले, ‘तुळस’.