निळ्या ओठांचा दामोदर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी ही या भागाची लिखित आवृत्ती. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे गाळलेत. सगळे नाही.

आज एका पडलेल्या सिनेमाबद्दल बोलू. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, अमेरिकेत प्रदर्शित झाला ८ डिसेंबर २००० रोजी. साधारण साडेचार कोटी डॉलर खर्च, आणि जगभरातून कमाई जेमतेम साडेतीन कोटींच्या आतबाहेर. समीक्षकांनी धुतला. खरं तर असे सिनेमे दरवर्षी पडतात आणि लोक विसरून जातात. हा मात्र विसरला गेला नाही. हा खेळ खेळणारी मंडळी आजही त्याच्या आठवणी काढतात, शिव्या घालतात आणि हसतात. असं का, हा आजचा प्रश्न.

ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी हा खेळ आणला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, त्यातला एक ‘डन्जन मास्टर’, म्हणजे आपल्या भाषेत सूत्रधार. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करतंय ते सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. त्यातला वीस बाजूंचा फासा सगळ्यात लाडका. पटावर सोंगट्या असतात कधी कधी, पण खरा खेळ बोलण्यात आहे.

आता २००० साली या लोकांना सिनेमाची इतकी आस का होती, ते बघा. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत या खेळावर भयंकर आरोप झाले. पोरं यातून सैतानाची पूजा शिकतात, वेडी होतात, जीव देतात, वगैरे. १९८२ मध्ये ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’ नावाचा टीव्ही-सिनेमा आला. त्यात तरुण टॉम हँक्स होता, आणि तो साकारत असलेला मुलगा अशाच एका खेळापायी वास्तवाचं भान हरवून बसतो. म्हणजे पडद्यावर स्वतःला बघायचं तर ते असं! ज्या पोरांच्या आईबापांनी नियमांची पुस्तकं फेकून दिली, ती पोरं २००० पर्यंत मोठी होऊन पगार कमवायला लागली होती. आता मोठ्या पडद्यावर, मोठ्या नटांसोबत, आपला खेळ येणार होता. त्याच ऑगस्टमध्ये खेळाची तिसरी आवृत्तीही आली होती. तिकीट काढताना मनात काय असेल, कल्पना करा.

आणि समोर आलं काय? तर निळी लिपस्टिक लावलेला खलनायक. ब्रूस पेनने केलेलं हे पात्र, नाव डॅमोडार. इंग्रजी स्पेलिंग बघाल तर आपला सरळसरळ दामोदर! मराठी माणसाला परळचं नाट्यगृह आठवणार, आणि इथे हा दामोदर कानातून वळवळणारे शेपटे बाहेर काढतोय. त्याचा मालक जेरेमी आयर्न्स, ऑस्कर मिळालेला नट. या सिनेमात तो जे ओरडलाय, ते एकदा तरी बघाच. त्याने पुढे मोकळेपणाने सांगून टाकलं की नुकताच एक किल्ला विकत घेतला होता, पैसे कुठून तरी आणायचेच होते. मला त्याचा अजिबात राग येत नाही. उलट सगळ्या पडद्यावर तो एकटाच मजा घेत असल्यासारखा दिसतो.

पण खेळाडूंना खरं खुपलं ते वेगळंच. बीहोल्डर हा या खेळातला एक नामांकित राक्षस. हवेत तरंगणारा मोठा गोळा, मधोमध एक डोळा, वर देठांवर आणखी दहा. प्रत्येक छोट्या डोळ्यातून वेगळी जादू सुटते, मधला डोळा समोरच्याची जादू बंद पाडतो. स्वभावाने अतिहुशार आणि अतिसंशयी. टेबलावर सूत्रधाराने त्याचं नुसतं नाव घेतलं तरी लोक आपल्या पात्राची उरलेली ताकद मोजायला लागतात. सिनेमात हेच बीहोल्डर पहारेकरी म्हणून फिरतात, आणि दुसरीकडे एक दगड फेकला की तिकडे बघायला निघून जातात. दगड! अकरा डोळे असून! नाव बरोबर, आकार बरोबर, आणि आत काहीच नाही. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर फंक्शनचं नाव तेच ठेवलंय, आतला कोड रिकामा.

दिग्दर्शक कोर्टनी सॉलोमनला आळशी म्हणता येणार नाही, हेही सांगितलं पाहिजे. विशीच्या आसपास असताना या पोराने हक्क मिळवले आणि सिनेमा उभा करण्यात जवळजवळ दहा वर्षं घातली. दिग्दर्शन पहिल्यांदाच करत होता. त्याला खेळ आवडत होता, यात शंका नाही. मला वाटतं, पुस्तकातले राक्षस आणि जादू पडद्यावर आणली की खेळ आला, असा त्याचा समज झाला. टेबल राहून गेलं. जखमेवर मीठ म्हणजे पुढच्याच डिसेंबरात न्यू लाइन या त्याच कंपनीने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्स’चा पहिला भाग आणला.

तरी राग हळूहळू निवळला. कारण साधं आहे. हे लोक मुळात फसलेल्या खेळाच्या गोष्टी सांगण्यातच पटाईत. जिंकलेली लढाई आठवड्यात विसरतील. पण भलत्या वेळी फासा एकवर पडला आणि सगळी टोळी खड्ड्यात गेली, ती गोष्ट वीस वर्षं सांगतील. हा सिनेमा त्याच यादीत जाऊन बसला. २००५ च्या दुसऱ्या भागात डॅमोडार परत आला, पण तो भाग कुणी फारसा आठवत नाही. बरा होता म्हणे!

२००० साली आणखी एक गोष्ट घडली होती, ती माझ्या धंद्याच्या जवळची. खेळाची मालक कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टने मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यांवरून स्फूर्ती घेऊन ‘ओपन गेम लायसन्स’ काढलं. खेळाचे मूळ नियम वापरून कुणीही आपलं साहस लिहावं आणि विकावं. कितीतरी छोटे प्रकाशक त्यावर उभे राहिले. जानेवारी २०२३ मध्ये कंपनी हा परवाना आवळणार असल्याचा मसुदा फुटला. लोकांनी वर्गण्या रद्द केल्या आणि दोन महिन्यांवर आलेल्या नव्या सिनेमावर बहिष्कार घाला म्हणाले. महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले. सिनेमाच्या तिकिटाचा असा उपयोग २००० च्या प्रेक्षकाला सुचला नसता.

तो नवा सिनेमा म्हणजे ‘ऑनर अमंग थीव्ह्ज’. त्यात एक प्रसंग आहे. मंत्राने मढं बोलतं करायचं, पण प्रश्न पाचच. आणि ही मंडळी फालतू बडबडीत प्रश्न वाया घालवतात. थिएटरमध्ये कोण हसतंय त्यावरून कोण खेळणारा आहे ते कळावं, असा तो प्रसंग. पुढे एक जादूची चौकट चोरून न्यायचा झकास बेत ठरतो आणि ती चौकट नेमकी पालथी पडते. बेत फसतो, मग तिथल्या तिथे दुसरा बेत. हेच ते टेबल, जे २००० मध्ये राहून गेलं होतं.

आणि एक छोटी गंमत. १९८३ साली या खेळावर कार्टून मालिका आली होती. सहा पोरं जत्रेतल्या एका राइडमध्ये बसतात आणि थेट जादूच्या दुनियेत पोचतात. मालिका बंद पडली, शेवटचा भाग कधी बनलाच नाही. २०२३ च्या सिनेमात चक्रव्यूहाच्या स्पर्धेत दुसरी एक टोळी काही क्षण दिसते. कपडे बघा, ढाल बघा, धनुष्य बघा. तीच पोरं. चाळीस वर्षं झाली, अजून घरी पोचलेली नाहीत.