वरसईचें हस्तलिखित आणि इतिहास-विभागांची गुणगणना

विद्यापीठांच्या इतिहास-विभागांत अध्यापकांच्या व विद्यार्थ्यांच्या यशाची यादी प्रसिद्ध करून त्यांचा गौरव करण्याची चाल आतां रूढ झाली आहे. चाल चांगली आहे. कोणास पीएच्. डी. मिळाली, कोणाचा ग्रंथ निघाला, कोणीं परिषदेंत निबंध वाचला, हें सर्वांस कळावें हें योग्यच. परंतु अशा याद्यांत एक रकाना बहुधा नसतो. कोणता अस्सल कागद यंदां उजेडांत आला, कोणतें मोडी दप्तर कोणीं वाचून शुद्ध छापलें, याची नोंद आम्हांस क्वचितच आढळते.

पेण तालुक्यांतील जोहे हें गांव गणेशमूर्तींविषयीं प्रसिद्ध आहे. साच्यांतून मूर्ति निघते, तिला रंग चढतो, शेवटीं डोळ्यांची आखणी होते. गिऱ्हाईक आखणी पाहून मूर्ति पसंत करितें. साचा कोणीं केला हें विचारीत नाहीं. इतिहासाच्या कारखान्यांतही बरेंचसें असेंच चालतें.

याच तालुक्यांत वरसई आहे. येथील विष्णुभट गोडसे घरचें कर्ज फिटावें म्हणून 1857 सालीं उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेंतील यज्ञाची दक्षिणा मिळेल ही आशा. वाटेंत बंड उसळलें. आणि 1858 त सर ह्यू रोजच्या फौजेनें झांशीस वेढा दिला तेव्हां हा कोंकणचा भिक्षुक आंत शहरांत होता. ज्या वर्षीं ते घराबाहेर पडले, त्याच वर्षाच्या 18 जुलैस मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. या दोन गोष्टींची गांठ पडावयास मात्र फार काळ लागला.

कल्याणच्या वैद्य घराण्याचे ते उपाध्ये. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहानें त्यांनीं आपली हकीकत मागाहून लिहून काढली, व वैद्यांनीं ती 1907 सालीं ‘माझा प्रवास’ या नांवानें छापली. छापतांना भाषेवर हात फिरविला, कांहीं मजकूर गाळला. वैद्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांच्यावांचून ती हकीकत लिहिलीच गेली नसती, आणि मूळ प्रतही त्यांनींच भारत इतिहास संशोधक मंडळाच्या हवालीं केली. परंतु त्या मूळावरून दत्तो वामन पोतदारांनीं 1966 सालीं आवृत्ति काढीपर्यंत, म्हणजे एकोणसाठ वर्षें, अभ्यासकांपुढें छापील आधार होता तो सुधारलेल्या प्रतीचाच. पोतदार हे तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतीलच बिरवाडीचे. 1961 ते 1964 ते पुणें विद्यापीठाचे कुलगुरु होते, हें त्यांच्या गौरवांत सर्व सांगतात. ही आवृत्ति सांगणारे थोडे. आमच्या मतें दुसरी गोष्ट पहिलीहून उणी नव्हे.

वि. का. राजवाडे यांचें जन्मस्थानही वरसईच. 1898 पासून त्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचे 22 खंड काढले; विद्यापीठाचें अध्यासन त्यांस कधीं लाभलें नाहीं.

विद्यापीठीय विभागांनीं हें काम केलेंच नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. 1939 सालीं डेक्कन कॉलेज संशोधनसंस्थेच्या रूपानें पुन्हां उघडलें. तेथें मराठ्यांच्या इतिहासाचें काम त्र्यंबक शंकर शेजवलकर यांजकडे आलें, आणि 1946 त त्यांचा पानिपतावरील इंग्रजी ग्रंथ बाहेर पडला. त्याच संस्थेच्या प्रबंधमालेंत वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील प्रबंध 1953 सालीं निघाला. तो उभा आहे महजर व निवाडपत्रें यांवर. गोतसभेनें वतनाचा तंटा कसा तोडला, दिव्य केव्हां करविलें, हें त्यांत कागदावरून दिसतें. विद्यार्थ्याचें यश म्हणावें तें याला! पुढें गोव्याच्या पुराभिलेखागाराचे संचालकपद गुण्यांनीं भूषविलें, यांत नवल तें काय?

तेव्हां विभागांस आमची सूचना एवढीच, कीं पुढील यादींत संपादित साधनांचा रकाना घालावा, आणि त्यांत ज्याच्या घरचे कागद त्याचेंही नांव, त्याची संमति असल्यास, द्यावें. पेण-रोह्याकडील ज्या संग्राहकांपाशीं रुमाल असतील त्यांस विनंति, कीं मोडी वाचणारा विद्यार्थी दारीं आल्यास त्यास नक्कल करूं द्यावी. तोंपर्यंत प्रत्येक रुमालावर क्रमांक घालून किती बंद आहेत तें टिपून ठेवावें, आणि पावसाळ्यानंतर दप्तर उघडून वाळवी लागली आहे कीं काय तें पाहावें. कोंकणच्या दमट हवेंत एका पावसाळ्याची हयगयही महाग पडते.