गोरेगावात घडलेली गोळी

आमच्या चाळीसगावच्या घरी मोठे काका रोज रात्री एक गोळी घ्यायचे. कोणी विचारलं की आजी म्हणायची, "बीपीची आहे." पाकिटावर नाव होतं सिंटामिल. ती बीपीची नाही, डिप्रेशनची होती, हे मला फार उशिरा कळलं.

त्या गोळीचा इतिहास लपवण्यासारखा नाहीच. 1950 च्या दशकात स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीचं इमिप्रामिन स्किझोफ्रेनियावर वापरून पाहिलं. तिथे ते चाललं नाही. पण खोल उदासीत बुडालेले रुग्ण त्याने सावरतात, हे डॉ. रोलांड कून यांच्या लक्षात आलं आणि 1957 मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. रेणूत तीन कड्या जोडलेल्या, म्हणून ही औषधं ट्रायसायक्लिक.

1963 मध्ये सिबा कंपनीचं संशोधन केंद्र मुंबईत गोरेगावला सुरू झालं, पंडित नेहरूंच्या हस्ते. तिथे डॉ. के. नागराजन आणि सहकाऱ्यांनी याच कुळातला नवा रेणू घडवला, नायट्रॉक्झाझेपिन. तेच आमचं सिंटामिल. डिप्रेशनवर चाललं, अंथरुणात लघवी करणाऱ्या मुलांनाही दिलं गेलं.

आपल्या स्टेशनवर रात्री गाडीत बसलं की पहाटे मुंबई. इतक्या जवळ घडलेलं औषध, आणि आपण ते डब्यात लपवलं! त्याच गोळीवर काका पुन्हा शेतात जायला लागले होते.

याच कुळातलं अमिट्रिप्टिलिन आज देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. कापूस गेला, कर्ज वाढलं, माणूस गप्प झाला, तर नुसतं "टेन्शन नको घेऊ" म्हणून सोडू नका भाऊ. डॉक्टरकडे न्या. गोळी सुरू असेल तर मनाने बंद करू नका. आणि तिला बीपीची म्हणू नका.